रोजचे चोवीस किलोमीटर



एखादी गोष्ट एकदा करता येणे आणि तीच गोष्ट रोज करता येणे, यांत फार अंतर आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा या तिघांनी प्रवास पुरा केला आणि १९२८ च्या मार्चमध्ये ते परत आले. सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटर ते चालून आले होते. दिवसांनी भागले तर सरासरी रोज चव्वेचाळीस किलोमीटर पडते. हे वाचून आपल्यापैकी कोणी म्हणेल, "मग शाळेसाठी रोज चोवीस किलोमीटर म्हणजे काय मोठेसे?" मीही एकदा असेच म्हटले होते. त्या तिघांना पोहोचल्यावर सहाव्या तासाला बीजगणित शिकावयाचे नव्हते, ही साधी गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानात आली नाही.

प्रस्तुत लेखात एका निर्णयाचा विचार करावयाचा आहे. शाळा लांब आहे, जवळ सायकल आहे. तर रोज सायकलने येणे-जाणे वर्षभर निभेल काय? प्रश्न घरगुती दिसतो; परंतु त्यात भूगोल, गणित, पदार्थविज्ञान आणि शरीरशास्त्र हे चारही विषय एकत्र येतात. शिवाय त्याचे उत्तर चुकले तर एखाद्याची शाळा सुटते. ते कसे चुकते हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगणार आहे.

प्रश्न कसा उभा राहिला

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात नववीतील एका विद्यार्थिनीचे वडील मला भेटावयास आले. शहरातील भाडे परवडेना म्हणून त्यांनी बिऱ्हाड राऊच्याही पुढे हलविले होते. लालबागेपासून राऊ सुमारे दहा किलोमीटर. त्यांचे नवे घर बारा. मुलीला शाळा सोडावयाची नव्हती. घरात एक जुनी सायकल होती. वडिलांनी विचारले, "बाई, रोज जमेल का हिला?"

मी म्हटले, "रविवारी मी स्वतः जाऊन पाहते आणि मग सांगते."

माझे घर लालबागेच्या बाजूस. रविवारी सकाळी सात वाजता मी सायकल काढली, केसरबागेवरून राजेंद्रनगरकडे आणि तेथून राऊकडे गेले. बारा किलोमीटरला पन्नास मिनिटे लागली. तेथे चहा घेतला, थोडी बसले आणि बेचाळीस मिनिटांत परत आले. आकाश ढगाळ होते, हवा गार होती, रस्ता मोकळा होता. सोमवारी मी त्या गृहस्थांना सांगितले, "खुशाल पाठवा. मला जमले, तर तिला का जमू नये?"

ऑगस्ट संपेपर्यंत ती मुलगी सहाव्या तासाला बाकावर डोके ठेवून झोपू लागली होती. सप्टेंबरात आठवड्याला एक-दोन दिवस तिची गैरहजेरी पडू लागली. आणि एके दिवशी वडील पुन्हा आले. त्यांच्या हातात शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठीचा अर्ज होता. ते रागावले नव्हते. एवढेच म्हणाले, "बाई, तुम्हीच म्हणाला होतात, जमेल म्हणून."

मी त्यांच्याजवळ पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि प्रश्न पहिल्यापासून सोडवावयास घेतला.

दिशेचा विचार

मी जे मोजले होते ते माझे अंतर होते, तिचे नव्हते. किलोमीटर दोघींचे सारखेच; पण मी सकाळी लालबागेहून राऊकडे गेले होते, आणि ती सकाळी राऊकडून लालबागेस येत होती. एवढ्याने काय फरक पडतो, हे समजण्यासाठी इंदूरचा नकाशा समोर ठेवा.

लालबागेचा राजवाडा ज्या खान नदीच्या काठी आहे, ती नदी शहराच्या दक्षिणेकडील टेकड्यांच्या बाजूने येते, शहरातून उत्तरेकडे वाहते आणि पुढे क्षिप्रेस मिळते. महूजवळच्या जानापाव डोंगरावर उगम पावणारी चंबळाही उत्तरेकडेच जाते. पाणी उताराकडे वाहते. म्हणजे या भागात जमिनीचा सामान्य उतार दक्षिणेकडून उत्तरेकडे आहे. तेव्हा राऊहून शहराकडे येणे हे एकंदरीत उताराचे आणि शहरातून राऊकडे जाणे हे चढाचे. चढ डोळ्यांना दिसत नाही इतका सौम्य आहे. पण पायांना तो कळतो. सायकल व स्वार मिळून ऐंशी किलो वजन धरले, तर शंभर मीटरला एक मीटर एवढ्या चढावर जो जादा जोर लावावा लागतो, तो साध्या सायकलच्या टायरांना सपाट रस्त्यावर होणाऱ्या विरोधाइतकाच असतो. म्हणजे तेवढ्या भागात रस्त्याचा विरोध जणू दुप्पट होतो.

आता वारा पाहा. पावसाळ्यात माळव्यावर वारा मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिम दिशांकडून येतो. राऊ हे लालबागेच्या नैर्ऋत्येस आहे. म्हणजे शाळेतून घरी जाताना त्या मुलीला वारा समोरून लागे. शिवाय वारा सामान्यतः सकाळी मंद आणि दुपारनंतर जोरदार असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे तुम्ही विज्ञानात शिकाल. ताशी १५ किलोमीटर वेगाने आपण चाललो आहोत आणि समोरून ताशी १० किलोमीटर वारा आहे, असे समजा. हवेच्या दृष्टीने आपला वेग २५ झाला. पंचवीसला पंधराने भागून वर्ग केला, की विरोध सुमारे पावणेतीनपट होतो. तो वारा पाठीशी असता, तर विरोध कितीतरी कमी झाला असता.

आणि तिसरी गोष्ट सूर्याची. सायंकाळी नैर्ऋत्येकडे जाणाऱ्याच्या डोळ्यांवर मावळतीचे ऊन येते. हिवाळ्यात तर सूर्य मावळतोच नैर्ऋत्येच्या बाजूस. आपल्याला पुढचा खड्डा दिसत नाही, एवढेच नव्हे. आपल्या मागून येणाऱ्या ट्रकचालकालाही आपण नीट दिसत नाही.

आता दोघींच्या दिवसांची तुलना करा. माझा चढ सकाळी, ताजेतवाने असताना, उतार परतीचा. तिचा उतार सकाळी. आणि चढ, समोरचा वारा व डोळ्यांवरचे ऊन ही तिन्ही संकटे दिवसभराच्या शाळेनंतर, रिकाम्या पोटी. मी दुसऱ्याच्या रस्त्यावर स्वतःचा दिवस मोजला होता.

पुन्हा मोजणी

या वेळी मी तिच्याप्रमाणे केले. आदल्या संध्याकाळी राऊकडील एका परिचितांकडे मुक्काम केला. दप्तराएवढे, म्हणजे सात किलोचे ओझे घेतले. सकाळी तिच्या वेळेस निघाले आणि शाळेत पूर्ण दिवस शिकवून साडेचारच्या घंटेनंतर परत फिरले. असे तीन दिवस केले. सकाळी सरासरी ४४ मिनिटे लागली, संध्याकाळी ६१. बेरीज १०५ मिनिटे. आठवड्याच्या सहा दिवसांचे ६३० मिनिटे, म्हणजे साडेदहा तास.

माझ्या पहिल्या रविवारची बेरीज ९२ मिनिटे होती. फरक अवघा तेरा मिनिटांचा. यावरून एक गोष्ट शिकावी : बेरीज सारखी आली म्हणून भार सारखा होत नाही. तो दिवसाच्या कोणत्या भागी पडतो, हे पाहावे लागते.

वर्षाचाही हिशेब करू. शाळेचे दिवस २२० धरले, तर रोज चोवीस किलोमीटरप्रमाणे वर्षाला ५,२८० किलोमीटर होतात. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग सुमारे ३,७५० किलोमीटर लांब आहे. म्हणजे ती मुलगी दर वर्षी तो सारा मार्ग चालून, शिवाय परतीचा निम्म्याच्या जवळपास चालणार. साध्या सायकलच्या पुढील चक्राला ४४ दाते व मागील चक्राला १८ दाते असतील आणि चाकाचा परीघ २.२ मीटर असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. बारा किलोमीटरला दोन हजार दोनशेंहून अधिक फेरे पडतात. सीट एक-दोन बोटे खाली असेल, तर गुडघ्यावरील चुकीचा ताण तितक्याच वेळा पडतो. मी तिची सीट पाहिली. ती फार खाली होती. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हावा, एवढी सीट उंच असावी. ती उंच करण्यास पाना आणि दोन मिनिटे पुरली. हे मी जूनमध्येच पाहावयास हवे होते.

शरीर

एवढे श्रम अपायकारक आहेत काय? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी निदान साठ मिनिटांचा मध्यम ते जोरदार व्यायाम हवा. सायकल हे त्यासाठी उत्तम साधन आहे. तेवढेच अंतर पायी चालण्यापेक्षा सायकलवर कितीतरी कमी शक्ती खर्च होते. परंतु व्यायामाला दोन वस्तू परत कराव्या लागतात : अन्न आणि झोप. पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलीला या प्रवासासाठी सुमारे चारशे किलोकॅलरी, म्हणजे दोन-अडीच भाकऱ्यांइतके अन्न, अधिक लागते. किशोरवयात झोप आठ ते दहा तास हवी.

मी तिला दिवसाची टिपणे ठेवावयास सांगितले. त्यावरून कळले, की सकाळी घाईत ती चहा-पोहे घेऊन निघे, डबा एकच आणी, आणि घरी पोहोचेपर्यंत काही खात नसे. रात्री अभ्यास करून अकराला झोपे व पाणी भरण्यासाठी पाचला उठे. झोप सहा तास. म्हणजे सहाव्या तासाला जी डुलकी येई, ती आळसाची नव्हती. ती दोन भाकऱ्यांची आणि दोन तासांच्या झोपेची थकबाकी होती. शिक्षकांनी, मी धरून, तिला त्यासाठी दोन वेळा बोलणी दिली होती.

पाऊस आणि चिखल

माझे बालपण गोव्यात गेले. तेथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इंदुरात हजारच्या आतबाहेर. त्यामुळे माळव्याचा पाऊस तो काय, अशी माझ्या मनात एक घमेंड होती. कोकणीत आम्ही ज्याला पाऊस म्हणतो, त्यापुढे ही सर किरकोळच. पण सायकलीस पावसाच्या मापाशी फारसे कर्तव्य नसते, जमिनीशी असते. आमच्याकडे जांभा दगड. त्यात पाणी मुरते, वाहून जाते, आणि तासाभराने रस्ता चालण्याजोगा होतो. माळव्याची माती काळी. ती पाणी धरून ठेवते, फुगते व चिकट होते. रस्त्याच्या कडेला उतरावे लागले, की ती चाकाला लागते, मडगार्डात भरते आणि चाक फिरेनासे होते. मग काडीने चिखल खरवडावा लागतो. त्या मुलीच्या पावसाळी दिवसांतील उशिराचे निम्मे कारण हेच होते. डांबरी रस्त्याची कड सोडू नये तर मागून ट्रक. सोडावी तर चिखल. हे मला पहिल्या रविवारी दिसले नाही, कारण रविवारी ट्रक थोडे होते आणि मला कडेला उतरावेच लागले नव्हते.

चोइथराम मंडईच्या परिसरात सकाळी भाजीपाल्याच्या गाड्यांची गर्दी असते. आग्रा-मुंबई मार्गावरील जड वाहतूक हा तर रोजचाच अनुभव. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सायकलस्वार चार हजारांहून अधिक होते. अशा मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण वाहनांचा अतिवेग हे आहे. याचा अर्थ सायकल वाईट असा नाही. सायकलस्वाराची सुरक्षितता त्याच्या एकट्याच्या सावधपणावर अवलंबून नसते, हा त्याचा अर्थ आहे. म्हणून मार्ग निवडताना जवळचा मार्ग नव्हे, मंद वाहतुकीचा मार्ग निवडावा. एक किलोमीटर वाढला तरी चालेल.

"आमच्या काळी सगळे सायकलनेच जात"

हा निर्णय घेताना घरातील वडीलधारी मंडळी हटकून हे वाक्य म्हणतात. ते खोटे नाही. पुणे तर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. इंदुरातही हुकुमचंद, मालवा, कल्याणमल अशा गिरण्यांच्या भोंग्यांबरोबर कामगारांच्या सायकली रस्त्यांवर येत. परंतु ते जात किती लांब? परदेशीपुरा, नंदानगर या कामगारवस्त्या गिरण्यांच्या जवळ वसल्या होत्या. जुन्या पुण्यात पेठेतून कॉलेजात जाणे म्हणजे दोन-चार किलोमीटर. शहरे तेव्हा सायकलीच्या मापाची होती. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. शहर मात्र चोहोबाजूंनी पसरत गेले आणि कमी भाड्याची घरे दूर दूर सरकली. आज त्या मुलीला जे अंतर तोडावे लागते, ते तिच्या आजोबांना बहुधा कधी रोज तोडावे लागले नसेल. जुन्या माणसांचे उदाहरण जरूर घ्यावे. पण त्याबरोबर त्यांचे किलोमीटरही विचारावेत.

दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. सायकल नसती तर काय, हा प्रश्न मुलींच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. बिहार राज्यात २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले, की माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले व मुलामुलींतील तफावत ४० टक्क्यांनी घटली. हा लाभ मुख्यतः जेथे शाळा तीन किलोमीटर किंवा अधिक लांब होती, त्या गावांत झाला. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत हजारो स्त्रिया अक्षरांबरोबर सायकलही शिकल्या. आपल्या मध्य प्रदेशातही शासकीय शाळांतील सहावी व नववीच्या, दुसऱ्या गावी शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांना विनामूल्य सायकली देण्याची योजना आहे. तेव्हा "लांब आहे, सायकल नको, शाळा सोडा" हे उत्तर तर सर्वांत वाईट. सायकल की शाळा असा प्रश्नच नव्हे. सायकलीने किती काम करावे आणि कोठे थांबावे, एवढाच प्रश्न आहे.

निर्णय

मुंबईचे डबेवाले या बाबतीत आपले गुरू होऊ शकतात. इ. स. १८९० पासून चालत आलेल्या या व्यवसायात सायकल आहे, पण डबेवाला विरारहून चर्चगेटपर्यंत सायकलने जात नाही. घरापासून स्टेशनापर्यंत आणि स्टेशनापासून कचेरीपर्यंत सायकल किंवा हातगाडी. मधला लांबचा पल्ला आगगाडीने. प्रत्येक वाहनाला त्याच्या योग्यतेचे काम दिले, म्हणून तो व्यवसाय सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकला.

पंधरा दिवस संपल्यावर मी, ती मुलगी व तिचे वडील शाळेच्या ओसरीवर बसलो. वहीत एक तक्ता केला. त्यातून असे ठरले :

एक, जून ते सप्टेंबरअखेर संपूर्ण अंतर सायकलने तोडावयाचे नाही. घरापासून बसथांब्यापर्यंत दोन किलोमीटर सायकल; पुढे बस. सायकल थांब्याजवळच्या ओळखीच्या दुकानापाशी कुलूप लावून ठेवावयाची.

दोन, ऑक्टोबर ते मार्चपर्यंत आठवड्यातून तीन दिवस, म्हणजे मंगळवार, गुरुवार व शनिवार, पूर्ण सायकल. शनिवारी शाळा दुपारीच सुटते. लागोपाठ दोन दिवस सायकल नाही. मधल्या दिवशी पायांना विसावा.

तीन, दप्तर पाठीवर नव्हे, कॅरिअरवर. आणि जी पुस्तके घरी लागत नाहीत ती शाळेच्या कपाटात. ओझे सात किलोंवरून चार किलोंवर आले.

चार, दुसरा डबा. निघण्यापूर्वी शाळेतच चार घास खावयाचे.

पाच, रात्री दहाला दिवा मालवावयाचा. पाणी भरण्याचे काम धाकट्या भावाकडे. या कलमाला भावाने हरकत घेतली. ती ऐकून घेण्यात आली, पण मान्य झाली नाही.

सहावे कलम शाळेचे होते, आणि ते ठरविणे सर्वांत कठीण गेले. डिसेंबरात इंदूरला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. साडेचारला शाळा सुटून पाच-दहा मिनिटांत निघाले, तर एकसष्ट मिनिटांनी ती मुलगी कशीबशी सूर्यास्ताला घरी पोहोचे. परंतु जादा तास साडेपाचपर्यंत चालत. त्या दिवशी तिला पोहोचावयास पावणेसात वाजत. म्हणजे शेवटचा अर्धा तास पूर्ण अंधारात, मोठ्या रस्त्यावर. आम्ही तोपर्यंत तिच्या पायांचा विचार करीत होतो. खरी अडचण उजेडाची होती. आणि उजेड काही तिच्या हातात नव्हता. जादा तासाची वेळ मात्र आमच्या हातात होती. मुख्याध्यापकांशी व सहकाऱ्यांशी बोलून आम्ही ते तास संध्याकाळऐवजी सकाळी, साडेनऊ ते साडेदहा, घेण्याचे ठरविले. तसे केल्यावर लक्षात आले, की लांबून येणारी ती एकटीच नव्हती. आणखी पाच मुले होती. त्यांनी काही विचारले नव्हते, म्हणून आम्हीही काही विचारले नव्हते.

वडिलांनी तो अर्ज घडी करून खिशात ठेवला. फाडला नाही. "दिवाळीपर्यंत पाहू," म्हणाले. मला ते योग्यच वाटले. कोणत्याही निर्णयाबरोबर तो पुन्हा तपासण्याची तारीखही ठरलेली असावी. दिवाळीनंतर आम्ही वही पुन्हा पाहिली. त्यात एका आठवड्यात तीनऐवजी दोनच दिवस सायकल होती. एकदा पंक्चर होऊन तिला तीन किलोमीटर चालावे लागले होते. सहाव्या तासाला ती जागी असे. त्यानंतर अर्जाचा विषय निघाला नाही. आता ती दहावीत आहे, आणि हा लेख छापण्यापूर्वी मी तिला वाचावयास दिला होता. तिने एकच दुरुस्ती सुचविली : "बाई, सकाळी उतारावरून येताना मजा वाटते, हे तुम्ही कोठेच लिहिले नाही." ती दुरुस्ती मी आनंदाने येथे करीत आहे.

तात्पर्य

रोजचा लांबचा प्रवास निभेल की नाही, हे चांगल्या दिवशी ठरवू नये. वाईट दिवशी, परतीच्या वाटेवर, ओझ्यासह मोजावे. जो जाणार त्याच्या वेळेने आणि त्याच्याच दिशेने मोजावे. अंतराइतकेच अन्न, झोप, उजेड व जमीन यांना महत्त्व द्यावे. सारे किंवा काहीच नाही, असा हट्ट धरू नये. तीन दिवसांची सायकल ही सहा दिवसांच्या सायकलीची हार नव्हे. आणि ज्याला सल्ला विचारला जातो त्याने, "मला जमले" हे उत्तर देण्यापूर्वी, आपण कोणाच्या वाटेने गेलो होतो, हे स्वतःला एकदा विचारावे.

स्वाध्याय

१. आपल्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर व लागणारा वेळ जाताना आणि येताना निरनिराळा मोजा. फरक पडत असल्यास त्याचे कारण शोधा.

२. आपल्या सायकलच्या दोन्ही चक्रांचे दाते व चाकाचा परीघ मोजून, शाळेपर्यंत पायडलचे किती फेरे होतात ते काढा.

३. समोरचा वारा ताशी ५ किलोमीटर असेल आणि आपला वेग ताशी १५ असेल, तर हवेचा विरोध कितीपट होईल?

४. आपल्या वर्गात सर्वांत लांबून कोण येते? सकाळी किती वाजता उठते? आधी विचारा; मग उत्तर वहीत लिहा.